मृत्यूचे स्मरण व नित्याची नम्रता

आमच्या गावाच्या पश्चिमेस, ओढ्याच्या पलीकडे, मंडळीचे जुने कबरस्तान आहे. पुनरुत्थानदिनाच्या आदल्या दिवशी तेथील गवत काढण्याची व दगड धुण्याची चाल आमच्याकडे पूर्वापार चालत आली आहे. दोन वर्षांपूर्वी आठवी-नववीतील काही मुले ह्या कामास माझ्याबरोबर आली होती. एका कोपऱ्यात एक मोठी शिळा शेवाळाने हिरवीगार झाली होती. एका मुलाने नारळाच्या काथ्याने ती घासघासून स्वच्छ केली; परंतु तीवरील अक्षरे काही केल्या लागेनात. नाव झिजले होते, हुद्दा झिजला होता. पदवीची दोन अक्षरे तेवढी अर्धवट दिसत होती. मुलाने विचारले, "सर, हे कोण होते?" मला सांगता येईना. मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांस विचारले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ निरखून पाहिले व ते म्हणाले, "ठाऊक नाही बुवा. कोणी मोठे गृहस्थ असावेत. दगड महागाचा दिसतो!"

मुले हसली, मीही हसलो. पण परतताना ते उत्तर माझ्या मनातून जाईना. ज्या पदवीसाठी त्या गृहस्थांनी रात्री जागवल्या असतील, जिच्यामुळे लोक त्यांस वाट देत असतील, तिची दोन झिजलेली अक्षरे शिल्लक उरली. आणि तीही एका शाळकरी मुलाने गुडघे टेकून घासली म्हणून दिसली. माझ्याही नावापुढे तशीच दोन अक्षरे आहेत. त्या दिवसापासून हा विषय मी मनात घोळवीत आहे, व आज तो वाचकांपुढे मांडीत आहे. मृत्यूची आठवण ठेवल्याने ख्रिस्ती मनुष्याच्या रोजच्या वागण्यात नम्रता कशी येते, असा हा विषय आहे.

वार्षिक अंकात, परीक्षांच्या यशाच्या व खेळांतील ढालींच्या वृत्तांतांशेजारी, मृत्यूचा विषय काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु शाळा ज्या गोष्टी शिकवते त्यांत मोजमाप ही एक प्रमुख गोष्ट आहे. कापड मोजावे, जमीन मोजावी, काळ मोजावा. मग स्वतःचेच माप घ्यावयाचे का सोडावे? स्तोत्रसंहितेतील नव्वदावे स्तोत्र परंपरेने मोशेच्या नावावर आहे. त्यात मनुष्याचे आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचे धरले आहे, व आपले दिवस गणावयास शिकव, म्हणजे आम्हांस शहाणपण येईल, अशी देवापाशी प्रार्थना केली आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, स्तोत्रकर्ता येथे दिवस वाढवून मागत नाही. ते मोजण्याची विद्या मागतो.

तेव्हा गणिताच्या वहीत हे उदाहरण एकदा करून पाहा. सत्तर वर्षांचे दिवस सुमारे साडेपंचवीस हजार होतात. पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांतील साडेपाच हजारांच्या जवळपास खर्च केले आहेत. माझे सोळा हजारांहून अधिक खर्च झाले. सत्तरी गाठली तरी नऊएक हजार उरले. त्यांतील तिसरा हिस्सा झोपेत जाणार. एवढ्या भांडवलावर मनुष्य केवढा तोरा मिरवतो! कोणी आपल्याआधी दुसऱ्यास खुर्ची दिली, कार्यक्रमपत्रिकेत नाव खाली छापले, वाटेत नमस्कार केला नाही, एवढ्यावरून आपण आठ-आठ दिवस धुमसत राहतो. त्या साडेपंचवीस हजारांतील आठ दिवस आपण अशा प्रकारे आपल्या हाताने चुलीत घातले, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता नम्रता म्हणजे काय ते पाहू. आपला 'नम्र' हा शब्द वाकणे ह्या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. लॅटिन भाषेत जमीन किंवा माती ह्या अर्थी 'हुमुस' असा शब्द आहे, व त्या भाषेतील नम्रतावाचक 'हुमिलितास' हा शब्द त्याच्याच कुळातील आहे. हिब्रू भाषेत मनुष्यास 'आदाम' म्हणतात व मातीस 'अदामा' म्हणतात. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्यास मातीपासून घडवतो, तेथे ह्या दोन शब्दांचे नाते मूळ भाषेत वाचणाऱ्यास तत्काळ कळते. आपल्या मराठीतही मृतास 'माती देणे' असाच प्रयोग आहे. ह्या सर्व भाषांनी एकच गोष्ट आपापल्या परीने साठवून ठेवली आहे. ज्यास आपण मातीचे आहोत हे आठवते तो नम्र. ज्यास त्याचा विसर पडला तो गर्विष्ठ. म्हणजे नम्रता हे स्वतःविषयी खोटे हलके बोलणे नव्हे. ते स्वतःचे खरे माप होय.

परंतु येथे एक शंका येते, व ती रास्त आहे. मृत्यू आठवला म्हणजे मनुष्य नम्र होतोच काय? अनुभव तसा नाही. पुष्कळांस मृत्यूची आठवण होते व ते म्हणतात की, उद्या मरावयाचे आहे तर आज मनसोक्त खाऊन पिऊन घ्यावे. ह्यात नम्रता नाही. उतावळा स्वार्थ आहे. दुसऱ्या काहींस मृत्यू आठवतो व ते आपल्या नावाचे दगड उभारू लागतात. इजिप्त देशात खुफू राजाने साडेचार हजार वर्षांपूर्वी गिझा येथे आपल्या थडग्यासाठी पिरॅमिड बांधला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. आज तो पिरॅमिड आहे, आतील दगडी पेटीही आहे. राजा मात्र तीत नाही. लूकच्या शुभवर्तमानात आपल्या प्रभूने सांगितलेला श्रीमंत शेतकरी ह्या दोहोंहून निराळा. त्याला मृत्यूची आठवणच नव्हती. पीक उदंड आले, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला, व त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. त्या दाखल्यात तो मनुष्य जे काही बोलतो ते सारे स्वतःशीच बोलतो, हे पुन्हा वाचून पाहावे. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. देव नाही, शेजारी नाही, ज्यांनी कापणी केली ते मजूरही नाहीत.

तर मग मृत्यूचे स्मरण नम्रतेकडे कोणत्या वाटेने नेते? मला ह्या वाटेचे तीन टप्पे दिसतात. पहिला असा की, आपले जीवन आपण कमावलेले नाही, ते मिळालेले आहे, हे मृत्यूमुळे स्पष्ट होते. जी वस्तू आपली स्वतःची असती ती कोणी आपल्या संमतीवाचून परत नेली नसती. दुसरा टप्पा समतेचा. मृत्यूपुढे हुद्दा चालत नाही, जात चालत नाही, गुणपत्रिका चालत नाही. २०२० व २०२१ साली महामारीच्या दिवसांत आपण सर्वांनी हे डोळ्यांनी पाहिले. ज्यांच्या अंत्ययात्रेस एरवी सारा गाव लोटला असता, त्यांसही मोजक्या माणसांच्या उपस्थितीत माती द्यावी लागली. झाकलेल्या देहांत शेठजी कोण व हमाल कोण हे पाहणाऱ्यास ओळखता येत नव्हते. येथवरचे दोन टप्पे कोणत्याही विचारी मनुष्यास समजतात, व आपल्या महाराष्ट्रातील साधुसंतांनीही देहाच्या क्षणभंगुरतेचा बोध लोकांस वारंवार केला आहे. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात; त्यांपैकी कोणासही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

तिसरा टप्पा विशेषेकरून ख्रिस्ती आहे, व माझ्या मते सर्व मर्म त्यातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटल्या भोजनाची हकीकत येते. आपली घटका आली आहे हे प्रभूला ठाऊक होते, असे योहान मुद्दाम सांगतो. व लगेच पुढे सांगतो की, प्रभू भोजनावरून उठला, त्याने कमरेस रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले व शिष्यांचे पाय धुवावयास आरंभ केला. दुसऱ्या दिवशी मृत्यू समोर उभा असता मनुष्य काय करील? कोणी पळेल, कोणी रडेल, कोणी शत्रूंना शाप देईल, कोणी आपल्या मागे आपले नाव कसे राहील ह्याची तजवीज करील. प्रभूने नोकराचे काम हाती घेतले. ते पाय पेत्राचे होते, जो त्याच रात्री त्याला नाकारणार होता; आणि यहूदाचेही होते. मृत्यूचे स्मरण त्याच्या ठायी भयरूपाने प्रगट झाले नाही. सेवेच्या रूपाने झाले. त्याला हे करता आले, कारण आपण पित्यापासून आलो व पित्याकडे जातो हे तो जाणत होता. ज्यास आपण कोठून आलो व कोठे जात आहो हे ठाऊक आहे, त्यास मधल्या मुक्कामात मानाच्या जागेसाठी भांडावे लागत नाही. पुनरुत्थानाची आशा आपल्याला हेच देते. आपले नाव टिकवण्याचा भार आपल्या डोक्यावरून उतरतो, व मोकळे झालेले हात दुसऱ्याचे पाय धुवावयास उपयोगी पडतात.

ह्याच बोधासाठी पुष्कळ मंडळ्यांत राखेचा बुधवार पाळतात. सर्वच मंडळ्यांत ही चाल नाही. पण वसईकडील कॅथलिक कुटुंबांतील मुलांस ती चांगली परिचित आहे. उपवासकाळाच्या आरंभी, त्या दिवशी, पाळक उपासकांच्या कपाळास राख लावून तू माती आहेस ह्याची आठवण देतो. ही राख येते कोठून, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या लोकांनी हातांत धरल्या असतात, त्याच जपून ठेवून, वाळवून, जाळून ही राख करतात. जयजयकाराच्या झावळीची एका वर्षात राख होते! बक्षीससमारंभात टाळ्यांचा कडकडाट ऐकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे.

आता ज्यांच्या आयुष्यात हा बोध उतरला अशा तीन व्यक्तींकडे वळू. तिघांचाही आपल्या मराठी भाषेशी संबंध आहे.

पहिले विल्यम कॅरी. इंग्लंडातील हा चांभारकाम करणारा मनुष्य १७९३ साली बंगाल्यात आला, व पुढे श्रीरामपूर येथे (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, कलकत्त्याजवळच्या हुगळीकाठच्या) त्याने अनेक भाषांत पवित्र शास्त्राची भाषांतरे केली व करविली. मराठीचे व्याकरण त्याने १८०५ साली प्रसिद्ध केले व मराठी कोश १८१० साली. १८१२ च्या मार्च महिन्यात छापखान्यास आग लागून अनेक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते एका रात्रीत भस्म झाली; तरी तो पुन्हा कामास बसला. एका मोठ्या घरच्या मेजवानीत कोणा अधिकाऱ्याने त्याला हिणवण्यासाठी, हा पूर्वी जोडे करणारा होता ना, असे मोठ्याने विचारले. तेव्हा कॅरीने शांतपणे उत्तर दिले की, नाही, मी केवळ जोडे सांधणारा होतो, अशी आख्यायिका आहे. अखेरच्या आजारात अलेक्झांडर डफ हे तरुण मिशनरी त्याच्या भेटीस गेले असता, आपल्या मागे कॅरीविषयी काही बोलू नका, कॅरीच्या तारणाऱ्याविषयी बोला, असे त्याने त्यांस विनविले, असेही सांगतात. १८३४ च्या जून महिन्यात तो वारला. आपला अंत्यविधी शक्य तितका साधा करावा व थडग्यावर नाव, जन्ममृत्यूची साले आणि आपण दीन, असहाय किडा असून ख्रिस्ताच्या हाती पडतो आहो अशा अर्थाच्या एका जुन्या गीतातील दोन ओळी, ह्यांवाचून अधिक काही कोरू नये, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. इतक्या भाषांत लिहिणाऱ्या मनुष्याने आपल्यासाठी मोजक्या ओळी मागितल्या!

दुसरे गॉर्डन हॉल. अमेरिकन मराठी मिशनच्या ह्या आद्य मिशनऱ्याने १८१३ साली मुंबईत पाऊल टाकले व मराठी शिकून नव्या कराराच्या भाषांतराच्या कामी हात घातला. १८२६ च्या मार्च महिन्यात तो नाशिकच्या बाजूस फिरतीवर गेला. तेथे पटकीची साथ जोरात चालू होती. जवळ जे औषध होते ते त्याने रोग्यांस वाटले, व साठा संपत आला तेव्हा तो परत निघाला. वाटेत एका खेड्यात त्यालाच पटकीने गाठले, आणि काही तासांतच, २० मार्च रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. बरोबर असलेल्या दोन तरुणांनी त्याला माती दिली. घरचे कोणी जवळ नव्हते, शवपेटी नव्हती. ज्याने मरण समोर पाहिले त्याने औषधाची बाटली स्वतःसाठी राखून ठेवली असती तर त्याला कोण नावे ठेवणार होते? पण माझा जीव इतरांच्या जिवाहून अधिक मोलाचा आहे असे त्याने धरले नाही. नम्रता ह्या शब्दाचा ह्याहून स्पष्ट अर्थ मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या आपल्या पंडिता रमाबाई. मृत्यूशी त्यांच्याइतका परिचय फार थोड्यांचा असेल. लहान वयातच दुष्काळात आईबाप व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले. आणि १९२१ साली, वृद्धापकाळी, एकुलती एक कन्या मनोरमा गेली, जिच्या हाती मुक्तिसदनाचे काम सोपवण्याची आशा होती. ज्या स्त्रीस कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या, तिने पवित्र शास्त्राचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर करताना कोणती भाषा निवडली? खेड्यातील अशिक्षित बाईस कळेल अशी. संस्कृतातील भारदस्त शब्द त्यांच्या जिभेवर नाचत असता ते बाजूस ठेवणे, हा विद्वानास अत्यंत कठीण असा त्याग आहे. आम्हां शिक्षकांस तर तो विशेष कठीण. प्रकृती ढासळत असता त्यांनी ते काम पुरे केले, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, व १९२४ साली संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला. तो पाहावयास त्या नव्हत्या. मरणारा मनुष्य आपल्या कामाचे फळ आपणच पाहावे असा हट्ट धरत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे असेच अपुरे राहिले, व ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेले, हेही येथे आठवते.

थोरांची उदाहरणे सांगणे सोपे असते. म्हणून आता माझे स्वतःचे एक सांगतो, जे सांगताना मला आजही संकोच वाटतो. मी नव्यानेच शिक्षक झालो होतो, तेव्हा ज्या शाळेत होतो तेथे एक वृद्ध शिपाई घंटा वाजवीत असत. मुले त्यांस मामा म्हणत. सहामाही परीक्षेच्या वेळी एके दिवशी घंटा चार मिनिटे उशिरा झाली असे मला वाटले, व मी सर्व वर्गासमक्ष त्यांस टाकून बोललो. "वाचता येत नसेल तर घड्याळाच्या कामास राहू नये," असे काहीसे शब्द होते. मामा काही न बोलता उभे राहिले, मग "चुकलं असंल, सर," एवढे म्हणून गेले. सायंकाळी घरी आल्यावर भिंतीवरील घड्याळाशी माझे मनगटी घड्याळ ताडून पाहिले. चूक माझ्या घड्याळाची होती. ते चार मिनिटे पुढे होते.

उद्या त्यांची क्षमा मागू, असे मी ठरविले. पण उद्या वर्गासमोर मागावी लागेल, कारण अपमान वर्गासमोर केला होता. आणि पदवीधर शिक्षकाने शिपायाची क्षमा मुलांदेखत मागावी हे मनास पटेना. एकांतात मागू म्हटले, तर एकांत सापडेना, किंवा खरे सांगावयाचे तर मी तो शोधला नाही. असे अकरा दिवस गेले. मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत मामांस ताप आला व ते वारले. शाळा उघडली तेव्हा घंटा वाजवावयास दुसरा मनुष्य होता.

त्या सकाळी मी वर्गात उभा राहून मुलांस सर्व हकीकत सांगितली, व ज्यांची क्षमा मागावयाची त्यांची मागण्याची वेळ मी दवडली असेही सांगितले. मुले स्तब्ध बसली होती. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मामा घड्याळ वाचायला आमच्याकडून शिकले होते. त्यांना येत होतं." ह्याहून अधिक शिक्षा मला कोणी केली नसती. नंतर मी त्यांच्या घरी गेलो व त्यांच्या पत्नीजवळ बोललो. त्या म्हणाल्या, त्यांनी घरी कधी काही सांगितले नव्हते. मी त्यांचे चार मिनिटांचे काम तपासत होतो. माझ्या अकरा दिवसांचा हिशेब मात्र मी कोणास देणार? ते मर्त्य आहेत व मीही मर्त्य आहे, एवढी गोष्ट त्या अकरा दिवसांत मला एकदा जरी खरोखर आठवली असती, तरी माझा मान मला इतका जड झाला नसता.

ह्या विषयात काही गैरसमज संभवतात, त्यांचे निवारण केले पाहिजे. पहिला असा की, नम्रता म्हणजे लाचारी. तसे मुळीच नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांस पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालावयास लाविले होते. ती नम्रता नव्हती, तो त्यांवर झालेला अन्याय होता. मृत्यूचे स्मरण जसे मला सांगते की मी कोणाच्या डोक्यावर बसण्यास योग्य नाही, तसेच ते हेही सांगते की दुसराही मातीचाच आहे व त्याने माझ्या डोक्यावर बसू नये. अन्याय दिसेल तेथे नम्र मनुष्याने बोललेच पाहिजे. मात्र ते आपल्या मोठेपणासाठी नसावे. दुसरा गैरसमज असा की, मृत्यूचे स्मरण म्हणजे जिवाचा कंटाळा. हेही खोटे. जीवन देवाचे दान आहे, व ते थोडे आहे म्हणून तर अधिक जपावयाचे. लहान मुलांस मरणाची भीती घालून वळण लावू पाहणे हे मला पाप वाटते. ज्या मुलाच्या घरी नुकतेच कोणी गेले असेल त्यास उपदेश नको, त्याच्याजवळ बसावे. आणि ज्याच्या मनात मरणाचे काळे विचार येऊन जीव नकोसा वाटतो, त्याने ते एकट्याने सोसू नयेत. आईबाप, शिक्षक, पाळक किंवा वैद्य ह्यांपैकी ज्यावर विश्वास असेल त्यास त्याच दिवशी सांगावे. मदत मागणे हीदेखील नम्रताच आहे. तिसरा गैरसमज फार सूक्ष्म आहे. मी किती नम्र, असा गर्व! त्यावर औषध एकच. स्वतःकडे पाहणे सोडून समोरच्या कामाकडे पाहावे.

आता रोजच्या आचरणाच्या दोन-चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. याकोबाच्या पत्रात उद्याच्या व्यापाराचे बेत छातीठोकपणे करणाऱ्यांस सांगितले आहे की, प्रभूची इच्छा असेल तर करू, असे म्हणावे. आपले आजीआजोबा पत्रात व बोलण्यात हे शब्द सहज घालीत. आपण ते जुनाट म्हणून टाकले. ते पुन्हा घेण्यासारखे आहेत, मात्र मनापासून. रात्री निजण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. आज मला जे मिळाले त्याबद्दल मी कोणाचे आभार मानावयाचे राहिलो? आज माझ्याकडून कोणाचा अवमान झाला? जे काम हलके म्हणून मी दुसऱ्यावर ढकलले ते उद्या मला करता येईल काय? सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असा पौल प्रेषिताचा उपदेश आहे. त्यास मी माझ्या अनुभवाची एवढीच पुस्ती जोडतो की, क्षमा मागावयाची असेल तर ती सोमवारवर ठेवू नये.

पालकांस एक विनंती आहे. मुलाच्या हाती गुणपत्रिका येते तेव्हा घरात जे शब्द उच्चारले जातात, ते मूल जन्मभर विसरत नाही. पहिला आला तर त्यास शेजारच्या मुलाहून उंच बसवू नये, व मागे पडला तर त्यास मातीहून खाली ढकलू नये. त्याचे व तुमचे एकत्र राहण्याचे दिवसही मोजकेच आहेत. आणि घरी काम करावयास येणाऱ्या बाईस तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता, भाजीवाल्याशी कोणत्या स्वरात बोलता, ह्यावरून मूल नम्रतेचा धडा आमच्या सर्व पाठांहून लवकर शिकते.

त्या कबरस्तानात शिळा घासणारा मुलगा यंदा शाळा सोडून जात आहे. त्या दिवशी निघताना त्याने एक गोष्ट केली, ती सांगावयाची राहिली. नाव न कळलेल्या त्या शिळेवर त्याने तांब्याभर स्वच्छ पाणी ओतले, व शेजारच्या एका दगड नसलेल्या, नुसत्या मातीच्या उंचवट्यावरही तितकेच पाणी शिंपडले. मी कारण विचारले. तो म्हणाला, "हेही कोणी असतील ना, सर?" देव करो, आणि आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस जिवंत माणसांकडे पाहतानाही हाच प्रश्न सुचो.